पाकिटावरचा जर्दाळू माझ्या जिभेला का सापडत नाही?

पत्राचा गोषवारा: मालवण तालुक्यात किनाऱ्यालगत न्याहारी-निवास चालवणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका ताईंचं हे पत्र. त्यांचा भाचा बेंगळुरूला असतो. दिवाळीला येताना त्याने कॉफीच्या बियांची चार महागडी पाकिटं आणली. एकावर छापलं होतं ‘जर्दाळू, ब्लॅक करंट, मेपल सिरप’, दुसऱ्यावर ‘अरेबिका चेरी’. ताईंनी बिया मिक्सरला फिरवून, नेहमीसारखी दूध-साखर घालून, वर जायफळ किसून कॉफी केली. चांगली झाली, पण जर्दाळू कुठे लागेना, चेरी तर नाहीच नाही. बिनदुधाची केली तर नुसती कडू. पुढे पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्याच पाकिटातल्या बिया मागून घेतल्या, सोबत आणलेल्या हातचक्कीत दळल्या, कागदी फिल्टरवर कॉफी केली आणि ‘याला छान स्टोन फ्रूट येतंय’ असं सांगितलं. ताईंनी मान डोलावली, आत जाऊन सुनेबरोबर हसल्या, आणि रात्री मात्र त्यांना खट्टू वाटलं. सून म्हणते, तिरफळं आणि मिरच्या खाऊन तुमची जीभ मेली आहे. यजमान म्हणतात, कॉफी ती कॉफी. मासळीबाजारात मी भाव करतो आणि तू वास घेतेस, तेवढं पुरे आहे. ताई विचारतात: या वयात चव ओळखायला शिकता येतं का? त्यासाठी बेंगळुरूला जाऊन, पैसे भरून वर्ग करावा, की हे सगळं शहरी थोतांड समजून जायफळाच्या कॉफीवर समाधान मानावं? आणि पाहुण्यांसाठी कॉफीचं कार्ड करायचं झालं तर त्यावर लिहायचं काय?

ताई,

आधी ती चेरी निकालात काढू, म्हणजे तुमच्या जिभेवरचा एक आळ तरी कमी होईल. आपल्याकडच्या कॉफीच्या व्यापारात ‘चेरी’ हा चवीचा शब्द नाही. कॉफीचं फळ तोडून सालीसकट उन्हात वाळवलं आणि मग आतली बी काढली, की त्या मालाला चेरी म्हणतात. साल-गर आधी काढून बी धुऊन वाळवली, तर अरेबिकाला ‘प्लांटेशन’ आणि रोबस्टाला ‘पार्चमेंट’ (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती). पाकीट तुम्हाला बी कशी वाळवली तेवढंच सांगत होतं आणि तुम्ही कपात केकवरची लाल चेरी शोधत बसलात. असोला नारळ म्हटल्यावर कुणी असोलेपणाची चव शोधत नाही, तसंच हे. पण नारळ आपल्या अंगणातला. कॉफीतलं हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि पाकीट छापणाऱ्यालाही सांगावंसं वाटलं नाही.

आता सुनेचा आरोप. तिला प्रेमाने सांगा की मिरचीने जीभ मरत नाही. तिखट खाल्ल्यावर घटकाभर बधिरते, म्हणून जेवणावर लगेच कॉफी चाखायला बसू नये, इतकंच. वयाबरोबर नाक थोडं मंद होतं हे खरं. पण जी बाई बांगडा हातात घ्यायच्या आधी वासावरून कालचा की आजचा ते सांगते, तिच्या नाकाची मला काळजी वाटत नाही. आंब्याची पेटी उघडली की आत देवगडचा हापूस आहे की कर्नाटकातून आलेला, हे झाकण पुरतं निघायच्या आत तुम्हाला कळत असणार. ‘मला आंबा चाखता येतो का’ असं तुम्ही कधी कुणाला पत्र लिहून विचारलं नाहीत. कारण आंबे तुम्ही शेकड्याने खाल्लेत, आणि एका पाटावर पायरी, हापूस, रायवळ शेजारी शेजारी ठेवून खाल्लेत. कॉफी मात्र आजवर एका डब्यातली, एका पद्धतीने केलेली, एका वेळी एकच प्यायलात. फरक कळायला दुसरं काही समोरच नव्हतं.

घरात आंबापोळी असेल तर एक गंमत करा. नाक घट्ट दाबून तुकडा तोंडात टाका आणि चावा. गोड कळेल, आंबट कळेल, चिवटपणा कळेल. आंबा कळणार नाही. आता नाक सोडा. घशाच्या मागून आंबा एकदम वर येईल. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि सुकटीच्या कालवणात असतो तो भरलेपणा, एवढंच कळतं. बाकी सगळं नाकाचं काम, तेही बाहेरून हुंगून होतं त्यापेक्षा तोंडातून मागच्या वाटेने चढणाऱ्या वासाने जास्त. (जिभेच्या शेंड्याला गोड आणि मुळाशी कडू असा जो नकाशा आपण पुस्तकात पाहिला, तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात.) सर्दी असेल त्या दिवशी हा खेळ मांडू नका. आणि सर्दी जाऊन महिना झाला तरी आंबापोळीतला आंबा परत येत नसेल, तर कॉफीचं नंतर बघू, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. हे इतर वाचकांसाठीही.

मग जर्दाळू गेला कुठे? दूध घातलंत, साखर घातलीत, वर जायफळ किसलंत. दशावतारात संकासुर हुंकारत असताना मागे कुणी हळू शीळ घातली, तर ती ऐकू येणार आहे का? दूध कॉफीतला आंबटपणा आणि तुरटपणा निवळून टाकतं, साखर उरलासुरला झाकते, आणि जायफळापुढे तर भल्याभल्यांचं चालत नाही. बिनदुधाच्या कॉफीचं तुम्ही सविस्तर लिहिलेलं नाही, पण मला दिसतंय: मिक्सरमध्ये बियांचं पार पीठ केलंत, टोपात पाणी ठेवलंत, पूड टाकलीत आणि चहासारखी खळाखळा उकळलीत. बारीक पूड, उकळतं पाणी आणि वर जास्त वेळ, या तिघांनी मिळून कडूपणा काढलाच म्हणून समजा. पाहुण्यांनी जाडसर दळून, वरून पाणी ओतून, गाळून घेतली. पाकीट एक असलं तरी तुम्ही दोघांनी प्यायलेली कॉफी एक नव्हती.

आता ज्या गोष्टीवर तुमचं सगळं पत्र उभं आहे तिच्याकडे येते. पाकिटावरचे शब्द ही उत्तरपत्रिका आणि आपण नापास, असं तुम्ही धरून चालला आहात. ते शब्द म्हणजे कॉफी भाजणाऱ्या कुणीतरी आपल्या टेबलावर, आपल्या पाण्याने ती कॉफी करून, दोन-चार जणांशी बोलून टिपलेली आठवण असते. कधी ती प्रामाणिक असते. कधी, खरं सांगू का, माल खपावा म्हणून रंगवलेली असते. मेपल सिरप लिहिणाऱ्याने ते आयुष्यात किती वेळा खाल्लं असेल, मला शंका आहे. आणि ब्लॅक करंट तरी आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे तो आइस्क्रीमच्या जांभळ्या गोळ्यातूनच.

कसलेले चाखणारे काय करतात ते सांगते. कॉफीच्या चवींचं एक रंगीत चक्र असतं. ते अमेरिकेत १९९५ साली पहिल्यांदा निघालं आणि २०१६ मध्ये नव्याने झालं. हे नवं चक्र ‘वर्ल्ड कॉफी रिसर्च’ या संस्थेच्या एका कोशावर बेतलेलं आहे. त्या कोशात ११० गुण नोंदलेत, आणि मला त्यात आवडलेली गोष्ट अशी की शब्दासमोर वस्तू दिलेली आहे. म्हणजे अमुक वास म्हणजे अमुक पदार्थ, इतक्या जोराचा. ती वस्तू टेबलावर ठेवायची, हुंगायची, चाखायची आणि मग कॉफीकडे वळायचं. त्या वस्तू बऱ्याचशा तिकडच्या दुकानांत मिळणाऱ्या, कारण चाखणारे तिकडचे. म्हणजे पट्टीचे लोकसुद्धा शब्द हवेतून काढत नाहीत, समोरच्या वाटीतून काढतात.

तुम्हीही वाट्या मांडा. भाजलेली नाचणी, गूळ, सुक्या खोबऱ्याचा तुकडा, भाजलेला काजू, आमसूल, मिरी, मनुका, फणसपोळी, भिजवलेला जर्दाळू (हा वाण्याकडे मिळतो, त्यासाठी बेंगळुरू नको), आणि मडक्याची एखादी खापरी पाण्यात बुडवून. सगळ्या एकदम नकोत, एका वेळी चार. कुणाच्या वाडीत जायफळाचं झाड असेल तर जायफळ आणि जायपत्री शेजारी ठेवून हुंगा. एकाच फळातली बी आणि तिच्यावरची लाल जाळी, वासाने सख्ख्या बहिणी. पण डोळे मिटून दहा वेळा फरक सांगता आला, की तुमचं नाक कॉफीला तयार झालं म्हणा.

इथे एक फसगत होते, ती आधीच सांगून ठेवते. ‘आपली जीभ, आपले शब्द’ या उत्साहात काही जण पाकिटावरचे शब्दच बदलून घेतात. ब्लूबेरी लिहिलंय ना, मग जांभूळ म्हणू. लिंबू लिहिलंय, कोकम म्हणू. मला हे पटत नाही. जांभळाने जीभ जशी दाटते तशी ब्लूबेरीने दाटत नाही. कोकमाच्या आंबटाला जी खोल, गडद धार असते ती लिंबात नसते. करवंद, तोरण, रतांबा यांची नावं कॉफीवर चिकटवली की ती कोकणी होत नाही. ते फळ खरंच त्या घोटात आठवलं तर लिहा, आणि नाही आठवलं तर ‘आंबट, पण कशासारखं ते कळलं नाही’ असं लिहा. वहीत असं वाक्य लाजिरवाणं नसतं. माझी पहिली दोन पानं त्याच वाक्यांनी भरली होती.

खरं तर फळांच्या नावांआधी शिकायचं ते वेगळंच आहे, आणि त्याला लागणारे शब्द मराठीत इतके नेमके आहेत की मला अभिमान वाटतो. बिनदुधाची पहिली कॉफी पिऊन जवळजवळ प्रत्येक जण ‘कडू’ म्हणतो. तुम्हीही म्हणालात. पण त्या एका ‘कडू’मध्ये तीन-चार गोष्टी लपलेल्या असतात. कडू म्हणजे मेथीदाण्याचं. तुरट म्हणजे काजूचं बोंड खाल्ल्यावर घशाला धरतं ते, किंवा कच्ची सुपारी चघळल्यावर जिभेवरची ओल सुकल्यासारखी होते ते. तुरट ही मुळी चव नाही, स्पर्श आहे. करपट म्हणजे भाकरी तव्यावर विसरली तर येतं ते. काळीकुट्ट भाजलेल्या कॉफीत बऱ्याचदा हेच असतं आणि लोक त्याला ‘स्ट्राँग’ म्हणून डोक्यावर घेतात. आणि आंबट! आंबटाला कॉफीत आपण एकदम दोष समजतो, कारण दुधाच्या कॉफीत आंबट लागलं म्हणजे दूध नासलं. धुऊन वाळवलेल्या, हलक्या भाजलेल्या अरेबिकात आंबटपणा हा गुण असतो, लिंबात आणि सफरचंदात जी आम्लं असतात तीच कॉफीच्या बीतही असतात. मात्र आंबट वेगळं आणि आंबूस वेगळं. आंबूस म्हणजे आंबोळीचं पीठ एक दिवस जास्त राहिलं. शिवाय जुन्या पुडीचा खवटपणा, दमट डब्याचा कुबट वास, पाणी जास्त झालं तर पाणचट, काहीच लागलं नाही तर सपक. आधी एवढं वेगळं करा. पहिल्या महिन्यात जर्दाळूचं नाव काढू नका.

मेथीदाणे भिजवलेलं पाणी, अगदी पातळ आमसुलाचं पाणी आणि कच्च्या सुपारीचा तुकडा भिजवलेलं पाणी अशा तीन वाट्या केल्यात तर कडू, आंबट आणि तुरट एका बैठकीत वेगळे होतील. सुपारीचं पाणी जिभेला लावून थुंकून टाका, गिळायची गरज नाही.

घोटाचा जडपणाही बघायचा असतो. त्याला इंग्रजीत ‘बॉडी’ म्हणतात आणि लोक तिथे अडखळतात. तुम्ही अडखळू नका. नारळ वाटून काढलेला पहिला दाट रस आणि त्याच चोथ्याचा दुसरा पातळ रस, यांत तोंडाला जो फरक जाणवतो तोच हा. रोबस्टा बहुधा पहिल्या रसाकडे झुकते, धुतलेली अरेबिका दुसऱ्याकडे. दाट म्हणजे चांगली असं काही नाही.

आता प्रत्यक्ष मांडणी. भाच्याच्या चार पाकिटांपैकी दोनच काढा, एक ‘चेरी’ आणि एक जर्दाळूवालं. तिसरी तुमची रोजची पूड. तिच्या पाकिटावर चिकोरीचं प्रमाण छापलेलं असेल ते वाचा. चिकोरी ही एका झाडाची भाजलेली मुळी, तिच्यात कॉफी नाही आणि कॅफिनही नाही, पण रंग, दाटपणा आणि करपट गोडवा ती भरपूर देते. आपल्या नियमाप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते, म्हणजे उरलेली ४९ पर्यंत चिकोरी असू शकते. आजवर तुम्हाला ‘कॉफीची चव’ म्हणून जी ओळखीची आहे, तिच्यात या मुळीचा वाटा केवढा होता, ते या तिसऱ्या पेल्यात कळेल. मला कळलं तेव्हा मी जरा हिरमुसले होते.

बिया जाड्या रव्याइतक्या दळा. मिक्सर चालेल, थांबून थांबून फिरवा. पण ताई, मालवणी मसाल्याचं भांडं घेऊ नका. कितीही घासलं तरी त्यात धणे-लवंग दबा धरून बसलेले असतात. वेगळं भांडं नसेल तर मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाकून द्या, मग बिया. तिन्ही पेले एकसारखे, काचेचे किंवा चिनीमातीचे. चाखणारे लोक १५० मिलिलिटर पाण्याला ८.२५ ग्रॅम पूड घेतात. तुमच्या दोनशे मिलिलिटरच्या पेल्याला ११ ग्रॅम झाली. वजनकाटा नसेल तर एकच चमचा, सपाट भरून, तिन्हीकडे तितकाच. आधी कोरडी पूड हुंगा. पाणी उकळून गॅस बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग ओता. ढवळू नका. वर पुडीची जाड साय धरेल. चार मिनिटांनी नाक पेल्यापाशी न्या आणि चमच्याच्या पाठीने ती साय मोडा. त्या क्षणी जो वास उसळतो तो पुन्हा तसा येत नाही, म्हणून त्या वेळी कुणाशी बोलू नका, फोन वाजला तर वाजू दे. फेस काढून टाका, पूड तळाला बसू द्या. पाणी ओतल्यापासून दहा-बारा मिनिटं गेली की चमच्याने घ्या आणि भुरका मारा. चांगला आवाज करून. पंगतीत भुरका मारल्याबद्दल लहानपणी आपण जे धपाटे खाल्ले त्यांची भरपाई इथे करून घ्या, कारण भुरक्याबरोबर हवा जाते, कॉफी तोंडभर उडते आणि वास मागच्या वाटेने वर चढतो. चमचा दर वेळी पाण्यात बुडवून घ्या, आणि एका पेल्यातून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे, पुन्हा पहिल्याकडे अशा फेऱ्या मारा.

मग थांबा. पेले कोमट झाल्यावर परत, गार झाल्यावर परत. गरम असताना सगळ्या कॉफ्या एकमेकींच्या मावसबहिणी वाटतात. निवल्यावर आंबट-गोड उघडं पडतं, आणि वाईट कॉफीचे दोषही. तुमच्या ‘चेरी’त मला वाटतं या टप्प्यावर फळाचा वास यायला लागेल, तोही ताज्या फळाचा नाही, आंब्याची अढी शेवटाला आल्यावर पेंढ्यातून येतो किंवा बरका फणस जरा जास्तच पिकला की येतो, तसा किंचित चढलेला. फळ सालीसकट वाळतं, गर बीवरच आंबतो, म्हणून असं होतं. नाही आला तर नाही आला. मी तुमच्या ओसरीवर नाही.

वहीत तुमचे तीन शब्द आधी लिहा, पाकीट नंतर वाचा. हा एक नियम मात्र मोडू नका. छापील शब्द एकदा डोळ्यांखालून गेला की जीभ होयबा होते.

आपण खरंच ओळखतोय की मनाचे खेळ चाललेत, हे बघायला यजमानांना कामाला लावा. कॉफी ती कॉफी म्हणणारा माणूस यासाठी उत्तम. तीन पेले, दोनांत एक कॉफी आणि एकात दुसरी, पेल्यांखाली चिठ्ठ्या. तुम्ही पाठमोऱ्या उभ्या. वेगळा पेला कोणता ते सांगायचं. असं सहा वेळा. नुसत्या नशिबानेही सहांत दोनदा बरोबर येतं, म्हणून दोन-तीनवर खूश होऊ नका. पाच आले तर यजमानांना चहा करायला सांगा. हे सगळं सकाळच्या वेळी करा. चमच्या-चमच्याने घेतली तरी पोटात जातेच, आणि रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट असतं. रात्री बसलात तर पहाटेचं भजन ऐकू येईपर्यंत जागं राहाल.

पाण्याबद्दल एक फजिती सांगते. मे महिन्यात माहेरी रत्नागिरीला गेले होते. नुकतीच वही घातली होती, अंगात वारं होतं. एका कॉफीला भुरका मारून मी भावजयीला ऐटीत म्हटलं, ‘याला मागून समुद्रासारखा बारीक खारेपणा येतोय,’ आणि तसं लिहूनही टाकलं. ती म्हणाली, ‘वन्सं, आठ दिवस झाले विहीर मचूळ झालीय. प्यायचं पाणी मी वेगळं भरून ठेवलंय, तुम्ही हे कुठलं घेतलंत?’ तर, आधी पाणी चाखा. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि कॉफीला चांगलं. खाडीजवळचं उन्हाळ्यात बिघडतं. क्षार जास्त असलेल्या बोअरच्या पाण्यात आंबटपणा दबतो आणि कॉफी सपक लागते. दोन विहिरींचं पाणी आणि एकच कॉफी, हाही एक चांगला खेळ आहे.

आणि पाऊस. जूनपासून आपल्या हवेत पापड टिकत नाहीत, तिथे कॉफीची पूड काय टिकणार. शंभर-शंभर ग्रॅमच आणा, बियाच आणा, भाजल्याची तारीख बघा, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. फ्रिजमध्ये सुकटीच्या डब्याशेजारी तर मुळीच नको. तुमच्या मनात येईल की पावसाळी हवेत मुरवलेली ‘मॉन्सून मलबार’ कॉफी असते, मग माझी बरणी उघडी राहिली तर बिघडलं कुठे? तिची गोष्ट अशी. शिडाच्या जहाजांच्या काळात इथून युरोपात कॉफी पोचायला महिनोन्‌महिने लागत. वाटेत बिया समुद्राची ओल पिऊन फुगत, फिकट होत, आंबटपणा जाई, आणि तिकडच्यांना त्याच चवीची सवय लागली. आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझचा कालवा झाला, प्रवास आटोपला, आणि ती चवही गेली. म्हणून मंगळुरूकडच्या किनाऱ्यावरच्या वखारींत जून ते सप्टेंबर बिया पसरून, वर-खाली करून, मुद्दाम पावसाळी वारा पाजतात. पण त्या कच्च्या बिया. तुमच्या बरणीत भाजलेल्या आहेत, त्यांना वारा लागला की फक्त त्या मरतात. मिळाली तर ही कॉफी एकदा जरूर आणा. किनाऱ्यावर राहून तिच्यातला आंबटपणा कुठे गेला ते ओळखणं तुम्हाला सोपं जाईल.

वर्गाचं: बेंगळुरूला कॉफी बोर्ड ‘कापी शास्त्र’ नावाचं प्रशिक्षण घेतं, चांगलं आहे. पण आत्ता जाऊ नका. तीन महिने घरी वही भरा. उद्या स्वतः बिया भाजायच्या किंवा विकायच्या ठरल्या, तर जा; तेव्हा प्रश्न घेऊन जाल. नुसत्या पाहुण्यांपुढे ताठ मानेने उभं राहण्यासाठी एवढा खर्च मला तरी जास्त वाटतो.

जायफळाची कॉफी बंद करायचा विचार मात्र मनातून काढा. तो वेगळा पदार्थ आहे. गणपतीतली जागरणं, घरातलं आजारपण, रात्री उशिरा मुंबईहून उतरलेली माणसं, या सगळ्यांना आपल्या आया-आज्यांनी तीच दिली. तिला तुमची चिकोरीवाली पूडच शोभते. भाच्याच्या महागड्या बिया त्यात घालणं म्हणजे हापूसचं लोणचं.

कार्डावर दोन ओळी पुरेत. कुठली, कशी वाळवलेली, दूध की बिनदूध, आणि तुमच्या वहीतले दोन शब्द, तुम्हाला तीनदा तरी सापडलेले. ‘चिकमगळूर, प्लांटेशन. बिनदुधाची. हलकी, आंबटगोड, मागे भाजल्या काजूची चव.’ त्याखाली ‘घरची जायफळ कॉफी. दुधाची, गोड.’ करवंद लिहायचं असेल तर लिहा, पण दिल्लीचे पाहुणे आले तर मोसमात एक द्रोण करवंदं समोर ठेवायची तयारी हवी.

राहिला स्टोन फ्रूट. आत एकच कठीण आठळी असलेलं फळ, इतकाच त्याचा अर्थ: पीच, जर्दाळू, आलुबुखार. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने कोयवाला आंबाही त्यातच बसतो. ते पुण्याचे पाहुणे परत आले आणि तेच म्हणाले, तर आत जाऊ नका. ‘कुठलं फळ?’ असं विचारा, भिजवलेल्या जर्दाळूची वाटी आणि आंबापोळी पुढे करा, आणि चमचा त्यांच्या हातात द्या.